मसुराएवढं चाक

रंगाचा डबा उघडून झाला होता. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जुन्या धोतराच्या फडक्याला पुसून झाला होता. पहिला हात देण्याआधी शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून मार्तंड टिपणीसनं केबिनचं छप्पर दोन बोटांनी अलगद उचललं, आणि आत ब्लोअरचं चाक नाही हे त्याच्या लक्षात आलं. बसवायचं राहून गेलं, असं त्याला आधी वाटलं. मग त्यानं भिंग डोळ्याला लावलं, तर त्या जागी भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. पत्रा सपाट, कोरा. चार वर्षं तो आगगाडीचं हे छोटं इंजिन करत होता. एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे मागच्या टाकीसकट जवळजवळ अडीच फूट लांब. पुढं दोन लहान चाकं, मग आठ मोठी, मागं पुन्हा दोन. बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा, पितळेच्या पट्ट्या, छत्रीच्या काड्या. शेगडीवर कैया, म्हणजे डाख द्यायचं लोखंड, तापवून एकेक सांधा जोडलेला. बॉयलरच्या पोटावर किती रिव्हेट होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटले की ते मोजता यायचे. ड्रायव्हरच्या बाकाची एक फळी तडकलेली होती, ती तडकसुद्धा त्यानं ब्लेडनं पाडली होती. तो उठला, कपाटातून नकाशांची सुरळी काढली. भांडुपच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. घरच्या इंजिनाचेही रीतसर सात नकाशे त्यानं काढले होते. सातही कागद त्यानं पलंगावर पसरले. एकातही ते चाक नव्हतं.

"काय झालं?" वसुधानं आतून विचारलं. रविवारची सकाळ होती, ती तांदूळ निवडत बसली होती.

"एक चाक राहिलंय."

"मग बसवा की. एवढी बसवलीत."

बसवा की. ते बरोबरच होतं. पितळेची चकती कापायची, कानशीनं गोल करायची, मध्ये टाचणी. तासाभराचं काम. पण तो पसरलेल्या नकाशांच्या कडेला तसाच बसून राहिला. मुलुंडच्या त्या सरळ आखलेल्या रस्त्यावर समोरच्या बंगल्यातला माळी झाडांना पाणी घालत होता, त्या पाण्याचा आवाज येत होता, आणि मार्तंडला वाटत होतं की आपल्या डोक्यात कुणीतरी आपल्याला न विचारता येऊन बसलेलं आहे. चार वर्षं शेजारी बसून त्यानं सगळं सांगितलं, बाकाची तडकसुद्धा सांगितली, आणि एवढ्या एका ठिकाणी तळहात ठेवून ते झाकून टाकलं. भीती वाटली ती याची. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. पण इतकं नेमकं विसरायला ते सगळं आठवत असावं लागतं.

ते खरं इंजिन अमेरिकेतून आलेलं होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईसाठी. इराकमधल्या बसऱ्याच्या धक्क्यावर ते सुटं उतरवलं, जोडलं आणि मार्तंडच्या तुकडीच्या हवाली केलं. मार्तंड तेव्हा सव्वीस वर्षांचा. परळच्या वर्कशॉपात उमेदवारी केलेला, मग हिंदी पलटणीच्या रेल्वे कंपनीत ड्रायव्हर म्हणून भरती झालेला. त्याचा फायरमन दत्ताराम मेस्त्री, मालवणकडचा, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. दत्ताराम पहिल्याच दिवशी इंजिनाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला होता, "मार्तंडा, ह्येका रंग कसलो दिलो रे? राखेचो?" रंग खरोखरच राखेचा होता. लढाईच्या इंजिनाला चकाकी चालत नाही. वरून विमानातून चमकेल असं काहीच नको. म्हणून मार्तंडनं आता पांढऱ्यात काजळ कालवून तो करडा रंग केला होता, आणि त्याची चकाकी मारायला त्यात वसुधाची टाल्कम पावडर मिसळली होती. तिनं डबा रिकामा झाल्यावर कुरकूर केली होती. "इंजिनाला पावडर लावणारे तुम्हीच," असं म्हणून हसलीही होती. ते इंजिन कोळशावर नाही, तेलावर चालायचं. फायरमनला फावडं मारावं लागत नसे. तेलाच्या तोटीवर हात आणि आगीवर डोळा, एवढंच. दत्ताराम म्हणायचा, बायकोचं काम दिलं आहे मला, चूल सांभाळतो आहे.

सोमवारी कचेरीत त्याच्या हातून एका नकाशावर शाई सांडली. मंगळवारी संध्याकाळी त्यानं चकती कापली. ती मोठी झाली. दुसरी कानशीखाली वाकली. तिसरी जमली, पण डाख देताना चिमट्यातून उडाली आणि फरशीवर कुठं गेली ते सापडलं नाही. वसुधा कंदिलासारखा टेबलाचा दिवा हातात धरून त्याच्याबरोबर गुडघ्यांवर बसून शोधत राहिली. "हे चाक कशाचं असतं?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. सांगता सांगता त्याला आपलाच आवाज वर्कशॉपातल्या मास्तरसारखा वाटू लागला. इंजिन वाफेवर ओढत असतं, तेव्हा वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरानं बाहेर पडते आणि भट्टीतल्या ज्वाळा आपल्याबरोबर पुढं ओढून नेते. ड्रायव्हरनं वाफ बंद केली की ती ओढ थांबते. म्हणून वाफ बंद करण्याआधी हे चाक फिरवायचं. त्यानं धुराड्यात वेगळी वाफ सुटते आणि ओढ चालू राहते. आणि फायरमनला ओरडून सांगायचं.

"आणि नाही फिरवलं तर?"

"तर आग मागं येते."

"मागं म्हणजे?"

"माणसं असतात तिकडं."

वसुधानं दिवा टेबलावर ठेवला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. लढाईत त्याचा एक सोबती गेला, त्याची बायको घाटकोपरला असते, दर दिवाळीला हा तिच्याकडे फराळ घेऊन जातो, तिच्या मुलीच्या शाळेची चौकशी करतो, एवढं तिला ठाऊक होतं. सोबती कशानं गेला हे तिनं एकदा विचारलं होतं. "अपघातानं," तो म्हणाला होता, आणि ते खरंच होतं. खरं बोलून गप्प बसायची त्याला लढाईपासूनच सवय झाली होती.

बुधवारी चौथं चाक बसलं. गुरुवारी कचेरीतून आल्यावर त्यानं करड्या रंगाचा पहिला हात दिला आणि शुक्रवारी दुसरा. रंग देताना मन स्वस्थ होतं असा त्याचा अनुभव होता, पण या वेळी ब्रश जिथं जिथं फिरत होता तिथं तिथं पितळ दिसेनासं होत होतं, त्याच्या हातचे सांधे, ओरखडे, चुका सगळं एका राखेखाली जात होतं, आणि उरत होतं ते नुसतं इंजिन. तेच. वाळवंटात उभं असलेलं. त्याच्या तोंडाला वाळूची चव आली. तो उठून चूळ भरून आला. आणि शनिवारी कार्ड आलं. शाळकरी, टपोरं अक्षर, दत्तारामची बायको शेवंती, तिच्या मुलीचं, क्षमाचं: तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात ते बाबांचं इंजिन बघायला आई उद्या येणार आहे. तिला तुम्हाला काही विचारायचंही आहे.

रविवारी शेवंती दहाच्या सुमारास आली. कुर्ल्याच्या गिरणीत बारा वर्षं काम केलेली, अंगानं काटक, नऊवारी नीट चोपून नेसलेली बाई. वसुधानं तिला पाणी दिलं, खुर्ची पुढं केली. ती खुर्चीवर न बसता सरळ टेबलाशी जाऊन उभी राहिली. इंजिनाला तिनं हात लावला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती बघत चालत गेली. पंधरा वर्षांपूर्वी दत्तारामनं मारलेली फेरी मार्तंडला आठवली आणि त्यानं नजर वळवली.

"रंग असोच होतो?"

"असाच."

"माका वाटलेलां काळो असतलो." ती पुन्हा पहिल्या टोकाला आली. मग म्हणाली, "भाऊ, ता दार खय आसा?"

"कुठलं दार, वहिनी?"

"आगीचां."

त्यानं केबिनचं छप्पर उचललं. भट्टीचं दार, त्यात हाताच्या पंजाएवढी झडप. इथं ती तांदळाच्या दाण्याएवढी होती. त्यानं सुईच्या टोकानं ती उघडून दाखवली. शेवंती वाकून बघत राहिली. मग बोलू लागली, इंजिनाकडे बघतच. क्षमाचं लग्न ठरत होतं. दहिसरचं घर, मुलगा टपालात. सासरच्यांनी विचारलं, मुलीचा बाप कशानं गेला. "मी सांगलंय, लढायेत. पण माजा मन खाता. सरकारी कागद आसा मां, तो गिरणीतल्या कारकुनान वाचून दाखवल्यान माका. लिवलेला आसा, दार तेनीच उघडल्यानी. आपल्या हातान. हयगय केल्यानी म्हणान मेले." तिचा आवाज चढला नाही. "पंधरा वर्सां मी तेंचो राग धरून ऱ्हवलंय, भाऊ. पोर दोन वर्सांची होती. वायच सांभाळून ऱ्हवाक काय झालेलां? आता लेकीक काय सांगू? बापूस आपल्याच चुकीन गेलो?"

स्वयंपाकघराच्या दारात वसुधा उभी होती. मार्तंडच्या हातात ती सुई होती. चौकशीच्या तंबूतला गोरा मेजर त्याला आठवला; त्याच्या कपाळावर टोपीचा लाल वळ उमटलेला होता. मेजरनं विचारलं होतं, झडप उघडी होती का? होती. फायरमननं उघडली? हो, साहेब. बस. दुसरा प्रश्न त्यानं विचारला नाही. पेन्सिल ठेवली, पाणी प्याला. मार्तंड तिथं आणखी क्षणभर उभा राहिला होता. तेवढा एक क्षण होता, तो पाहिजे तेवढा लांब होता, त्यात चार वाक्यं सहज बसली असती. मग त्यानं सलाम ठोकला आणि उन्हात आला.

"वहिनी, बसा," तो म्हणाला. "मी सांगतो ते ऐका."

तो बोलू लागला. दुपारची वेळ, वाळूचं वादळ. पुढचं काही दिसत नव्हतं. वाळू आत येऊ नये म्हणून केबिनला दोन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. तेलाच्या आगीनं बॉयलरच्या नळ्यांत काजळी धरते. ती काढायला इंजिन जोरात ओढत असताना झडप उघडून आत थोडी वाळू टाकायची असते. ओढीबरोबर ती वाळू नळ्या घासत निघून जाते. हे रोजचंच काम. दत्तारामनं वाळूचं फावडं भरलं, झडपेवर हात ठेवला आणि विचारलं, "मार्तंडा, टाकू काय रे?" वर हसून म्हणाला, "आज वाळूक तोटो नाय." मार्तंड म्हणाला, टाक. झडप त्यानं उघडली ती मार्तंडच्या शब्दावर. आणि त्याच घटकेला मार्तंडला समोर रुळांवर काहीतरी काळं दिसलं. उंट, माणूस, दगड, काय ते कळलं नाही. हात आपोआप गेला. त्यानं वाफ बंद केली. हे चाक फिरवलं नाही. ओरडला नाही. वाफ बंद झाली, ओढ थांबली, आणि उघड्या झडपेतून सगळी आग बाहेर आली. मार्तंड आपल्या कोपऱ्यात होता. दत्ताराम झडपेसमोर. ताडपत्रीची गाठ त्याला सुटेना. ती मार्तंडनंच बांधलेली होती, घट्ट.

"आणि रुळांवर काय होतां?" शेवंतीनं विचारलं.

"काही नव्हतं. मी उतरून पाहिलं. काहीच नव्हतं."

 पंधरा वर्षं त्यानं हे तिच्या दारातून परत आणलं होतं. फराळाचा डबा द्यायचा, पाणी प्यायचं, पोरीच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि जिना उतरायचा. आता ते टेबलावर पडलं होतं. ती ओरडेल, रडेल, तोंडात मारेल. त्याला चालणार होतं. तो वाट बघत होता.

शेवंतीनं पुढं वाकून करंगळीच्या नखानं ते चाक हळूच फिरवून पाहिलं. ते फिरलं, त्यानं ते फिरेल असंच केलं होतं.

"ह्या?"

"हे."

"मसुराएवढां तर आसा."

"खऱ्या इंजिनात एवढं असतं, वहिनी." त्यानं पंजा पसरून दाखवला. "ते मी फिरवायला पाहिजे होतं. माझं काम होतं ते. त्याची काही चूक नव्हती. कागदात लिहिलंय ते खोटं आहे."

"साहेबान तवां तुमका इचारला नाय?"

"विचारलं."

"मगे ह्या सांगलास नाय कित्याक?"

त्यानं हातातली सुई टेबलावर ठेवली. बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही. भीती वाटली होती. बाहीवरची हुद्द्याची पट्टी जाईल, तुरुंग होईल, घरी आई होती. पण आता ते शब्द त्याला आपल्या तोंडात फार लहान वाटले, पोराच्या सबबीसारखे. "नाही सांगितलं," एवढंच तो म्हणाला.

"बगा तर," शेवंती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर त्यानं कधी न पाहिलेलं एक मऊ हसू आलं. "खरां असतां तर तवांच सांगलां असतास. तुमी खोटां बोलणारे न्हय, भाऊ. आज पयल्यांदा बोलतास, आनि ताय माज्यासाठी."

"वहिनी, मी खरं सांगतोय."

"माका कळता ओ. पंधरा वर्सां दिवाळी चुकवलास नाय. सख्खो भाव येवचो नाय तसे येतास. आता चेडवाचा लगीन ठरता, तर तेंचो दोषय आपल्यार घेवक निघालास." तिनं पदरानं डोळे टिपले. "भाऊ, तुमच्यासारखो माणूस ज्येच्यासाठी खोटां बोलाक तयार होता, तो माणूस वायट नसतलो. मी उगाच राग धरलंय. चूक काय, कोणाचीय होता. आज माजो राग गेलो."

"त्याची चूक नव्हती," मार्तंड म्हणाला. तो वसुधाकडे वळला. "वसुधा, तू तरी सांग यांना. मी खोटं बोलतोय असं वाटतं तुला?" पण वसुधा दारात तशीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की या खोलीत त्याच्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच आहे. त्यानं पुन्हा झडप उघडली, पुन्हा वाफेचा दांडा दाखवला, ओढ कशी थांबते ते हातानं करून दाखवलं. शेवंती मान हलवत होती, आजाऱ्याची बडबड ऐकावी तशी. जितकं तो नीट समजावून सांगत होता तितकं ते जास्त रचलेलं वाटत होतं. त्यालाही वाटू लागलं होतं. शेवटी तो थांबला. त्याच्यापाशी आणखी काही पुरावा नव्हता. एकच साक्षीदार होता, दत्ताराम; तो बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात दोन दिवस जगला होता आणि त्या दोन दिवसांत त्यानं एकच विचारलं होतं, इंजिन बरं आहे ना.

शेवंती इंजिनाच्या बाजूला आली. केबिनच्या भिंतीवर नंबर टाकायचा राहिला होता. त्यासाठी पांढऱ्या रंगाची वाटी आणि बारीक ब्रश तयार ठेवलेला होता. "हय काय लिवतलास?"

"नंबर."

"नंबर नुको. तेंचा नाव घाला." ती थोडी लाजली. "तेंनी पत्रात लिवलेला. इंजिन मीच चलवतंय, शेवंते. माज्या हातातला आसा."

ती पत्रं मार्तंडनं लिहिलेली होती. दत्तारामला लिहिता येत नसे. तंबूत दोघं समोरासमोर बसायचे. दत्ताराम सांगायचा, मार्तंड लिहायचा. "लिव, इंजिन मी चलवतंय," असं सांगून दत्तारामनं डोळा मारला होता, आणि मार्तंडनं हसत लिहिलं होतं. शेवटचं पत्र तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. त्यात त्यानं लिहिलं होतं की त्रास झाला नाही, क्षणात गेले.

"वहिनी, मला ते जमायचं नाही."

"कित्याक? तुमचां अक्षर बरां आसा. माका त्या पत्रांतला वळखीचां."

"घाला ना," वसुधा म्हणाली. ती कधी जवळ आली ते त्याला कळलं नव्हतं. तिचा आवाज कोरडा होता. "त्या थांबल्यात."

त्यानं ब्रश उचलला. अक्षर वाकडं येईल असं त्याला वाटलं होतं, यावं असंही वाटलं. पण दहा-बारा वर्षं नकाशांवर अक्षरं काढलेला हात. तो करड्या भिंतीवर टेकला आणि आपल्या आपण चालू लागला. द. त्ता. काना किती सरळ आला! रा. म. वर रेघ. मग खाली, लहान अक्षरात, ती म्हणाली म्हणून, ड्रायव्हर. शेवंती हात जोडून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, तिनं विचारलं, "झाला?" आणि वसुधानं तिला बोटानं एकेक अक्षर दाखवून वाचून दाखवलं.

ती जेवायला थांबली नाही. दुपारी दहिसरची माणसं येणार होती. निघताना तिनं मार्तंडला वाकून नमस्कार केला, तो मागं सरेपर्यंत तिची बोटं त्याच्या पावलांना लागून गेली होती. वसुधा तिला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत सोडायला गेली. मार्तंडनं खिडकीतून पाहिलं. दोघी सावकाश चालल्या होत्या. शेवंती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, मोकळी होऊन. तिला इतकं बोलताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

वसुधा परत आली तेव्हा तो टेबलाशीच होता. पांढऱ्या रंगावर साय धरू लागली होती. टर्पेंटाइनचा बोळा त्याच्या हातात होता. ओला आहे तोवर पुसता येईल हे त्याला माहीत होतं, आणि पुसून काय करायचं हे माहीत नव्हतं. जे लिहिलं होतं त्यातलं नाव खरं होतं, हुद्दा खोटा होता, आणि अक्षर त्याचं होतं.

"सगळं खरं होतं?" वसुधानं विचारलं.

"हो."

"ताडपत्रीचंसुद्धा?"

"हो."

ती पलंगाच्या कडेवर बसली.  त्याला वाटलं, आता ही तरी काही म्हणेल, नऊ वर्षांचा हिशेब मागेल. ती म्हणाली, "तिला पुन्हा सांगायला जाऊ नका."

"ती खोटं धरून बसलीय, वसुधा."

"बसू दे. रस्ताभर स्वतःच्या लग्नाच्या, नवऱ्याच्या गोष्टी सांगत होती मला. पंधरा वर्षांत कुणाला सांगितल्या नव्हत्या म्हणाली." तिनं त्याच्या हातातला बोळा काढून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला. "तिनं आज त्यांना माफ केलं. तेवढं तरी राहू दे तिला."

"पण त्यानं काही केलंच नव्हतं," मार्तंड म्हणाला.

वसुधानं ठाऊक असल्यासारखी मान हलवली. मग ती उठली, आत गेली, आणि थोड्या वेळानं पाटाचा आणि ताटाचा आवाज आला. तिनं हाक मारली नाही. तो आपण होऊन उठला आणि जेवायला गेला.